धुरपदाबाईंच्या हातातल्या ओव्या

चाळीसगावात ज्योत्स्नाच्या हळदीला दोन तास उरले होते आणि तिचा भाऊ हितेंद्र हातात नुसता खुंटा घेऊन शिडीखाली उभा होता. जात्याची वरची तळी त्याच्या पायाशी दुभंगून पडली होती. दहा वर्षं ती गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडू नये म्हणून तिथं बसून होती. आज मानानं खाली यायची, तर घाईनं आली.

"मन्ही ओवी गई!" धुरपदाआत्या मटकन खाली बसल्या.

"आत्या, ओवी तोंडानं म्हणतात. जात्यावाचून काय अडलंय?"

"बठ्ठं शे रे दादा, पन ते हातमा शे. हात फिरना की तोंड उघडस."

सगळं हातात असतं, हे काही खोटं नव्हतं. आईला भाजीतल्या मिठाचं माप विचारावं, तर ती हवेतच चिमूट करून दाखवते. जुन्या कुलपाचा आकडा बोटांना ठाऊक असतो, आपल्याला नसतो. माणूस अर्धा तरी स्वतःच्या हातांना विचारूनच जगतो.

पण आत्यांना आज गायचंच होतं. नवरदेवाची आई, धुळ्याच्या कुंदाबाई, ओव्यांचा पेनड्राइव्ह घेऊन निघाल्या होत्या, आणि त्या ओव्यांत कुण्या सुमनला हळद लागत होती. आपली भाची सुमनच्या ओवीत नांदायला जाणार, या विचारानं आत्यांना सकाळपासून घास उतरला नव्हता.

मग हात फिरवायला काहीतरी शोधणं आलं. आत्यांनी वरणाच्या पातेल्यात पळी फिरवली. एक ओळ फुटलीही, पण तीन पळ्या वरण आचारी जीवरामच्या मिशीवर उडालं आणि त्यानं हात जोडून त्यांना बाहेर काढलं. मग हितेंद्रनं सायकल उलटी केली. पायडल हातानं फिरवताच ओव्या आल्या, पण अशा सुसाट, की एका दमात ज्योत्स्नाचं लग्न झालं, दोन पोरं झाली आणि ती दिवाळीला माहेरी परतली.

तेवढ्यात शेजारचे हबीब टेलर हातमशीन घेऊन आले. ज्योत्स्नाच्या ब्लाउजची बाही सैल करायची होती. त्यांनी मशीन ओसरीवर ठेवलं आणि आत्यांची नजर त्याच्या चाकावर गेली.

"हबीबभाऊ, जरा हात लाऊ दे."

चाक फिरलं, सुई टकटकली, आणि जात्याचा संथ सूर ओसरीभर पसरला:

हळदीचा गं वास, लागला ओसरीला
ज्योत्स्ना माझी मैना, निघाली सासरीला

धुळ्याची मंडळी दारात पोचली तेव्हा आत्या भरात होत्या. हात थांबला की ओवी थांबायची आणि कापडावाचून चाक फिरलं की दोरा गुंतायचा, म्हणून हबीबभाऊ सुईखाली मिळेल ते सरकवत होते. आधी चिंध्या सरल्या, मग टॉवेल सरला. कुंदाबाई नाक मुरडत आत्यांना अगदी खेटून बसल्या.

"हाई काय नवं नाटक, विहीणबाई? शिवतस का गातस?"

आत्यांनी चाक थांबवलं नाही.

धुळ्याची विहीण, चालते तोऱ्यात
ज्योत्स्नाचं नाव गं, ओव तुझ्या दोऱ्यात

बायका खिदळल्या. कुंदाबाई फणकाऱ्यानं उठल्या आणि धपकन परत बसल्या. त्यांचा पदर आत्यांच्या पदराला शिवला गेला होता, चांगली वीतभर पक्की टीप.

"माफ करा ताई," हबीबभाऊ चाचरले. "जो कपडा हाताला आला, तो सरकवला. आत्ता उसवतो."

कुंदाबाईंनी टीप पाहिली. मग चाक पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरत होता.

"र्‍हाऊ दे भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "धुळालेबी मन्हं जातं इकी टाकं पोरेसनी. सरक वो जरा." पोरांनी विकलेल्या जात्याचा खुंटा धरावा तशी त्यांनी चाकाची मूठ धरली आणि त्या गाऊ लागल्या:

चाळीसगावची गं, विहीण लबाड
पदर शिवून, अडवते कवाड

पेनड्राइव्ह पर्समध्येच राहिला. चाकावर आता दोन हात होते. ओवीमागून ओवी येत होती आणि दर ओवीत ज्योत्स्नाचंच नाव होतं.

आतून मात्र ती स्वतः केव्हाची ओरडत होती, "हबीबचाचा, माझी बाही!"