उजव्या पुठ्ठ्यावरची खूण

दिवाळीनंतर बिभीषणनं कळप विकला आणि त्याच संध्याकाळी अंगणातली बाज फिरवली. चाळीस वर्षं त्या बाजेवर बसलं की समोर माळ दिसायचा. आता समोर घराची भिंत आली आणि माळ पाठीमागं गेला. बायकोनं, दगडाबाईनं, कारण विचारलं तर म्हणाला, "ऊन लागतंय." दिवस बुडाल्यावर ऊन. दगडाबाईनं ते मनात टिपून ठेवलं.

गुडघे गेलते हे खरं होतं. पण सिरसाळ्याचा डॉक्टर म्हणाला होता की गुडघे चालून जातात त्यापेक्षा बसून जास्त जातात, रोज मैल-दीड मैल चालत जा. बिभीषण त्याच्यापुढं मान डोलवून आला आणि घरी येऊन म्हणाला, "मेंढरं न्हाईत. चालू कुणाच्या मागं?" तीन महिने तो बाजेपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून बाजेपर्यंत, एवढंच चालला. तेल चोळताना तिच्या बोटांना कळायचं, पोटऱ्या वाळत चालल्यात. हा माणूस असाच बसला तर पुढच्या दिवाळीला त्याला उचलून मोरीत न्यावं लागणार, असा तिचा अंदाज होता. दगडाबाईचे अंदाज सहसा चुकत नसत, आणि हा चुकावा म्हणून ती झुरत होती.

माघात गावाबाहेरच्या माळावर ऋतुजा नावाची मुलगी आली. कुठल्याशा संस्थेची, पंचविशीची, सोबत ट्रॅक्टरभर भंगार, तार आणि सिमेंट. दीड मैलाच्या पायवाटेवर तिनं माळावरची बारा जनावरं बनवून उभी केली आणि रंगवायला गावातल्या बायांना दिली. लोकांनी तिकीट काढून बघायचं, त्या पैशातून खऱ्या जनावरांसाठी उन्हाळ्यात पाणवठे भरायचे. गाव आधी पोट धरून हसलं. खरं जनावर दिसलं की दगड मारायचा आणि सिमेंटचं बघायला तिकीट काढायचं. मग रविवारी परळी-माजलगावच्या गाड्या लागल्या आणि हसणारेच तिथं चहाची टपरी टाकून बसले.

दगडाबाईही दोन दिवस रंगकामाला गेली होती. काय रंगवलं हे बिभीषणनं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. रविवारी सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली,

"त्या पोरीनं लांडगा केलाय म्हणं. शेपूट वर वळलेली, कुत्र्यावानी."

बशी ओठाशी थांबली. "वर वळलेली?"

"लोक म्हणत्यात."

"अन् परळीची लोकं बगून जात्यात ते?"

"फोटू काढून नेत्यात."

"मंग त्यांच्या लेकरास्नी लांडगा अन् कुत्रं एकच वाटंल की." बिभीषणनं बशी खाली ठेवली. "काठी कुटंय माझी?"

पायवाटेच्या तोंडाशी शिवलिंगप्पा टेबल टाकून बसला होता. गावातला किराणा दुकानदार, कपाळाला भस्म, बिभीषणचा शाळेपासूनचा सोबती. रविवारपुरतं दुकान सुनेवर सोडून तो इथं कार्डं वाटायचा.

"काय बे बिभीषणा," तो म्हणाला, "बाजेला करमंल का तुज्याबिगर?"

"तुज्या तराजूला करमतंय न्हवं तुज्याबिगर? तसंच."

"हे कार्ड घे. दर जनावरापाशी शिक्का ठेवलाय. बारा शिक्के झाले की लिंबाचं रोप देतो."

"माज्या दारात लिंब हाय, आप्पा."

"मंग दोन-तीन शिक्के मार अन् फिर माघारी. तुजे गुडघे काय बारापत्तुर जात न्हाईत."

दगडाबाईनं शिवलिंगप्पाकडं कौतुकानं पाहिलं. तिनं त्याला काही शिकवून ठेवलं नव्हतं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकं ओळखणारा माणूस, त्याला शिकवायची गरजही नव्हती.

पहिला मोर. बिभीषणला त्यात खोट सापडेना, म्हणून त्यानं शिक्क्याची शाई फिकी असल्याचं सांगितलं. काळविटाच्या शिंगांना पीळ कमी निघाला. तरसापुढं तो बराच वेळ थांबला. "तरस फुडून उंच अन् मागून बसका असतो. ह्यो तर बैलावानी सपाट हाय. ह्याला कुनी खायाला घातलंय एवढं?" पुढच्या चार शहरी बाया मागं वळून ऐकू लागल्या. ऐकणारं मिळाल्यावर बिभीषणचा आवाज उठला, आणि आवाजामागून पाय. दगडाबाई दोन पावलं मागं राहून मोजत होती. चार शिक्के. पाच. सहाव्यापाशी तिनं मुद्दाम विचारलं, "दमलासा का? बसायचं का?"

"तुला बसायचं तर बस," तो म्हणाला.

सातवी टिटवी होती. गवताच्या सुरेख घरट्यात चार अंडी घेऊन बसलेली. ऋतुजा शेजारीच पाटी सरळ करत होती.

"पोरी, हे घरटं तू केलंस?"

"हो आजोबा. छान झालंय ना?"

"झालंय छान. पर टिटवी घरटं करत न्हाई. उघड्या खड्यांत अंडी घालती. खडा कोनता अन् अंडं कोनतं, हे डोळं लावून बगितलं तरी कळत न्हाई. मेंढरं चारताना आमी तिथं काठी रोवून ठेवायचो, मंग कळप वळसा घालून जायाचा."

"मग आता काय करायचं?"

बिभीषणनं काठी दगडाबाईच्या हातात दिली. एका हातानं टिटवीच्या सिमेंटच्या पाठीचा आधार घेतला आणि तो खाली बसला. दिवाळीपासून जे गुडघे मुडपत नव्हते ते कुरकुरत मुडपले. त्यानं गवत बाजूला केलं, आजूबाजूचे खडे वेचले, रंग बघून, एकेक, अंड्यांभोवती पसरले. काठी मागून घेऊन शेजारी रोवून बघितली. उठताना ऋतुजानं हात पुढं केला, तो त्यानं धरला. दगडाबाईनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले आणि धुळीला नावं ठेवली.

मग ऋतुजाही बरोबर चालू लागली. शेवटच्या चढावर लांडगा उभा होता. बिभीषण त्याच्या मागं गेला आणि शेपटीकडं बघत राहिला. शेपूट खाली होती, असायला हवी तशी.

"खालीच हाय की शेपूट."

"लोकास्नी काय कळतंय," दगडाबाई म्हणाली.

तेवढ्यात त्याला पुठ्ठा दिसला. लांडग्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर, मांडीच्या वर, तांबडा पट्टा आणि पट्ट्यावर निळीचा ठिपका. त्याच्या कळपाची खूण. दुसऱ्याच्या मेंढरांत मिसळलं तरी आपलं जनावर ओळखू यावं म्हणून त्याच्या आज्यानं धरलेली.

"लांडग्याला आपली खूण?" तो हळू म्हणाला. "कावून?"

"किती कोकरं नेली आपली यानं?"

"यानं, याच्या बानं, आज्यानं... लई नेली. वाटाच होता त्यांचा."

"मंग आपल्याच कळपावर वाढलाय न्हवं? बाकीची समदी गेली. हा तेवढा कुनी नेला न्हाई. एवढाच राहिलाय आपला."

लांडग्याच्या पाठीवर हात ठेवून बिभीषण माळाकडं बघत राहिला. वाळलं गवत वाऱ्यानं एका अंगाला झुकत होतं. मग त्यानं नाक ओढलं.

"डाव्या पुठ्ठ्यावर काढलीस."

"डाव्या?"

"आपली खूण उजव्यावर असती. जलमभर मेंढरं रंगवली अन् इसरलीस?"

"पण आजी, तुम्हीच तर मुद्दाम..." ऋतुजानं तोंड उघडलं. दगडाबाईनं शिक्क्यांचं कार्ड तिच्या हातात कोंबलं आणि तिच्याकडं असं बघितलं की तिचं वाक्य तिथंच राहिलं.

"इसरले," दगडाबाई म्हणाली. "वय झालं."

"अन् हा रंग कसला? गेरू पायजे, तेलात घोटलेला. ह्यो पुसून उजव्यावर नीट काढाया लागंल. तुज्याच्यानं व्हायचं न्हाई ते."

"न्हाई व्हायचं," ती म्हणाली.

सोमवारी ती पाणी भरून आली तेव्हा बाज रिकामी होती. कोनाड्यातली गेरूची वाटी नव्हती, काठीही नव्हती. दगडाबाईनं घागर उतरवली, बाजेचा पाय धरला आणि बाज ओढून तिचं तोंड पुन्हा माळाकडं केलं. ऊन लागलं तर लागलं.