भिंतीवरची काचपट्टी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेही असेल, पण लक्षात ठेवले नसेल. मी बोटभर लांबीची, मधोमध तुटलेली एक जुनी काचपट्टी आहे. इमारतींच्या पायाचे खांब आवाज न करता जमिनीत कसे रोवतात, हे दाखवणाऱ्या संग्रहालयात, जिन्याखालच्या पेटीत मी असते. समोर ते मोठे यंत्र आहे. आधी रोवलेल्या खांबांना ते घट्ट धरते आणि पुढचा खांब नुसत्या दाबाने खाली उतरवते. सगळे तिकडेच जातात.

खिडकीच्या तावदानाच्या उरलेल्या तुकड्यातून मला कापले. एका तरुण इंजिनियरने मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या भिंतीवर, केसाएवढ्या तड्यावर आडवे बसवले आणि दोन्ही टोके गिलाव्याने पक्की केली. शेजारी मोठ्या इमारतीचा पाया घालणे चालू होते.

"मावशी, भिंत जरा जरी हलली तरी ही तुटेल. तुटली की लगेच येऊन सांगा," तो म्हणाला.

बाईंनी ते मनावर घेतले. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी त्या मला निरखून बघत. भिंतीलगतच सासऱ्यांची खाट होती. ते गवंडी होते. आता कमरेपासून अधू झाले होते. पलीकडे लोखंडी घण दिवसभर खांबांच्या डोक्यावर आदळे. डब्यातल्या सुया थरथरत.

नवव्या दिवशी मी तुटले. माझे एवढेच काम होते, ते मी केले.

बाई हातातले कापड टाकून तशाच बांधकामावर धावल्या. इंजिनियर दुसऱ्या कामावर गेला होता. मुकादम म्हणाला, "अहो मावशी, काच आहे ती, फुटायचीच. साहेब आले की दुसरी लावू."

घण थांबला नाही.

बाई घरी आल्या. "मामंजी, आत्ताच्या आत्ता बाहेर चला."

"ही भिंत मी माझ्या हातांनी बांधलीय, सूनबाई. ती माझ्या अंगावर कशी येईल?"

एकटीला खाट उचलेना. त्या शेजाऱ्यांना हाका मारायला गेल्या. चार माणसे घेऊन परतल्या, तेव्हा गल्लीत धूळच धूळ होती. सासरे वाचले नाहीत.

इंजिनियरला मी ढिगाऱ्यात सापडले. "माझ्या मागे तिथं कुणाला तरी नेमायला हवं होतं," एवढेच तो म्हणाला. पुढे त्याने आयुष्यभर बिनआवाजाच्या यंत्रांवर काम केले. मी त्याच्या टेबलाच्या खणात असे. निवृत्त होताना त्याने मला इथे दिले.

गेल्या महिन्यात त्या बाई आल्या, लेकीचा हात धरून. माहिती सांगणाऱ्या मुलीने यंत्रापाशी पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि यंत्र चालू केले. पाणी हलले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या माझ्यापाशी आल्या. लेकीने कार्ड वाचून दाखवले: 'तडा तपासण्याची पट्टी. काच व गिलावा.'

बाई त्या माहिती सांगणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, यावर एक ओळ लिहशील का? ही वेळेवर तुटली होती म्हणून."

मुलगी गोंधळली. "आजी, ते मजकूर वरून ठरून येतात हो."

"बरं," बाई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या.

ती ओळ अजून लिहिलेली नाही, म्हणून मीच सांगते. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे घरे बांधेल, कुणी पूल. कुणी धापा टाकत तुमच्याकडे आले, तर आधी काम थांबवा आणि त्याच्याबरोबर जाऊन भिंत बघा.