टाचेनंतरची थाप

टाच जमिनीला टेकायची आणि मग, पापणी लवेल इतक्या अंतराने, डफावर थाप पडायची. आधी कधीच नाही. संगीताच्या बाईंनी आज सलग सोळा पावलं मोजली. सोळाही वेळा तेच.

खरं तर थाप आधी यायला हवी. चाकांच्या खुर्चीतल्या चिमणीने डफ वाजवायचा आणि वर्गातल्या बाकी सत्तावीस मुलांनी त्या तालावर गोल चालायचं, असा खेळ. ‘ताल तीच देते,’ असं बाईंनी मोठ्या बाईंना ऐटीत सांगितलं होतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, इतक्या खूश झाल्या की शनिवारी पालकांसमोर हाच खेळ ठेवला.

मुलं चालत होती ती बाईंच्या टाळीवर. हे संगीताच्या बाईंना दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. पण खुर्ची गोलात घ्यायची तर वळायला जागा हवी, कुणाच्या पायावर चाक जायची भीती, तास पुरायचा नाही. डफ दिला आणि प्रश्न मिटला. मिटला तो बाईंचा. पुढच्या सोमवारी बदलू, म्हणता म्हणता तीन महिने गेले.

तास संपला. मुलं धावत बाहेर पळाली.

“चिमणे, ताल कसा धरतेस गं?”

“लंबूच्या बुटांकडे बघून! तो पाय टेकतो, मी वाजवते. तो चुकला की मीपण चुकते. पण ओरडा त्यालाच बसतो.” ती खुदकन हसली. मग डफ पुढे करत म्हणाली, “बाई, मी खेळात कधी येणार?”

“अगं, खेळातच आहेस की!”

“छे. मी भिंतीशी आहे.”

बाईंना तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या.

“शनिवारी हिला अगदी पुढे बसवा हं. सगळ्यांना दिसली पाहिजे.”

बाईंचे कान तापले. नेहमीसारखं ‘हो’ ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“हा खेळ शनिवारी होणार नाही.”

“अहो, चिठ्ठ्या गेल्यात घरोघरी! पालकांना काय सांगू?”

“माझं चुकलं, असं सांगा. सगळी मुलं खुर्च्यांवर गोल बसतील, ताल खांद्यांनी आणि हातांनी धरतील. डफ मी वाजवेन. चिमणी गोलात बसेल.”