ठकीचा स्टॅच्यू

एमआरआयच्या मशीनमध्ये हलायचं नाही, हललं की फोटो फुकट, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हापासून आई घरी ठकीला स्टॅच्यू खेळवत होती. ठकीला फिट्स यायच्या. उजवा हात झटके द्यायचा, पोर धाडकन पडायची, आणि औषधांना त्या फिट्स भीक घालत नव्हत्या. मेंदूच्या पांढऱ्या भागातून बोलण्याच्या तारा कुठून जातात, ते या फोटोत दिसणार होतं. फिट एकाच जागेतून उठत असेल आणि तारा तिथून लांब असतील, तर ऑपरेशन. आईचा जीव त्या ‘तर’मध्ये अडकला होता.

खेळात ठकी हळूहळू पटाईत झाली. आधी गुदगुल्यांना फिदीफिदी हसायची. पुढे पुढे तर कधीकधी कानाशी हाक मारली तरी पापणी लवायची नाही.

“कावळा येऊन बसेल हिच्या डोक्यावर,” बाबा म्हणायचे. आईने कौतुकाने आजीलाही फोनवर सांगितलं होतं.

आज आईला मशीनपाशी, ठकीच्या पायांजवळ बसू दिलं होतं. दोघींचं ठरलेलं: मशीनची ठकठक थांबली की आईने पायाचा अंगठा दाबायचा, ठकीने तो हलवून दाखवायचा.

“शाब्बास,” काचेपलीकडून टेक्निशियन माइकवर म्हणाला. “मोठी माणसंसुद्धा एवढी गुमान पडत नाहीत.”

ठकठक थांबली. आईने अंगठा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मग चिमटा काढला, चांगला जोरात. शेवटी तिने मशीन थांबवायला दिलेला घंटीचा फुगाच आवळला.

ठकीला बाहेर काढलं. डोळे सताड उघडे, ओठ चुटूचुटू हलताहेत, पण त्या डोळ्यांत ठकी नव्हती. थोड्या वेळाने आली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “असं घरी कधी झालंय?”

‘नाही’ अगदी जिभेच्या टोकावर होतं.

“झालंय,” आई म्हणाली. “बऱ्याचदा. मला वाटायचं, ती जिंकतेय.”

बाईंनी ते लिहून घेतलं. “मग हीसुद्धा फिटच. दुसऱ्या जागेतूनही उठत असणार. पुन्हा सगळं तपासू. तोवर ऑपरेशनचं मनात धरू नका.”

बाहेर बाकावर आई ठकीच्या पायात मोजे चढवत होती.

“आई, मी हलले?”

“नाही गं.”

“मग जिंकले ना?”

“जिंकलीस.”

मोज्यावरूनच तिने अंगठा दाबला. ठकीने हलवला. आईने पुन्हा दाबला. पुन्हा.

“पुरे ना आता,” ठकी म्हणाली. “खेळ संपला.”