नंदीचे डोळे

प्रभाकररावांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला, डब्याच्या काठावर दोनदा निथळवला आणि नंदीच्या उजव्या डोळ्याला टेकवला. नेमकी तेव्हाच अंगणातल्या सगळ्यांना कामं आठवली. घरमालक भैयाजी 'चहाचं पाहतो' म्हणत आत गेले. त्यांचा मुलगा नंदीच्या चाकांना तेल घालायला खाली वाकला. सून वर्षाली झुलीला गोंडे लावत बसली होती, ती सुईत दोरा ओवू लागली; खरं तर दोरा ओवलेलाच होता. हे सगळं टिपलं ते एकट्या प्रभाकररावांच्या बायकोने, शोभाबाईंनी. त्या पाहुण्या होत्या, आणि पाहुण्याला बघत बसण्याखेरीज दुसरं काम नसतं.

नवऱ्याच्या हाताकडे मात्र त्यांनाही बघवेना. सागवानी नंदी चांगला खांद्याएवढा उंच, त्याचा डोळा नारळाएवढा. एवढ्या मोठ्या डोळ्यात चुकायला जागा भरपूर होती. हात थरथरला, काळी रेघ गालावर घसरली, आणि गोल व्हायचं ते बुबुळ बटाट्यासारखं झालं.

"कसा झाला?" प्रभाकररावांनी मागे न वळता विचारलं.

"झाला नं," शोभाबाई म्हणाल्या. "आता डावा करा."

त्यांच्या गावी, जामच्या चौफुलीवर, 'प्रभाकर पेंटर' ही पाटी गेली पस्तीस वर्षं आहे. धाब्यांचे बोर्ड, ट्रकांची फळकी, टपऱ्यांची नावं, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आले तसं निम्मं काम गेलं, पण ट्रकवाले टिकून राहिले. अक्षरांच्या कडा प्रभाकररावांनी आखायच्या आणि आतला रंग शोभाबाईंनी भरायचा, असा संसार सुरळीत चाललेला. तीन वर्षांपूर्वी प्रभाकररावांचा उजवा हात थरथरू लागला. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि घरात त्या विषयावर कोणी बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं.

तेव्हापासून शोभाबाईंनी एक चोरी चालवली होती. प्रभाकरराव सकाळी अक्षरं काढत, जेवून घटकाभर आडवे होत. ते घोरायला लागले की शोभाबाई दुकानात येत, वाकडी अक्षरं सरळ करत आणि गुपचूप स्वयंपाकघरात जात. उठल्यावर ते बोर्डाकडे बघत, मान हलवत आणि म्हणत, "जमलं." त्या एका शब्दावर घर उभं आहे असं शोभाबाईंना वाटे. हातातलं काम गेलं असं या माणसाला कळलं, तर हा खाटेवर बसेल, आणि एकदा बसला की उठायचा नाही, याची त्यांना मनापासून धास्ती होती.

पण इथलं, सिंदीचं कोडं काही सुटत नव्हतं. लग्नाआधी प्रभाकरराव इथल्या बाजारातल्या पाट्या रंगवायला दोन वर्षं भैयाजींच्या घरी राहिले होते. तेव्हापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याला, या घरच्या नंदीचे डोळे त्यांनीच काढायचे, अशी रीत पडली. दर वर्षी ते एकटेच येत आणि दुसऱ्या दिवशी 'डोळे झकास झाले' सांगत परतत. गेल्या साली त्यांनी फोनमध्ये फोटोही दाखवला होता. शोभाबाईंनी तो दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला. बुबुळ कसं, नाण्यासारखं गोल! जामला मी आहे, मग सिंदीला कोण आहे?

त्यामुळे यंदा ते आपणहून म्हणाले, "चाल वं, शनिवार-इतवार सिंदीले जाऊ. येता येता केळझरच्या गणपतीचंबी दर्शन घेऊ," तेव्हा शोभाबाईंना आधी आनंद झाला आणि लगेच शंका आली. पस्तीस वर्षांत दोघं मिळून लग्नकार्य आणि मयत सोडून कुठं गेले नव्हते. आजच काय झालं? त्यांनी दोन ठेवणीतली लुगडी काढली, आणि हातरुमालात गुंडाळून एक बारीक ब्रशही पिशवीच्या तळाशी ठेवला. लागला तर लागला.

डावा डोळा उजव्याहून वाकडा झाला. भैयाजी चहा घेऊन बाहेर आले, नंदीकडे बघून म्हणाले, "वा पेंटर! जिवंत झाला गड्या." त्यांच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. शोभाबाईंना त्या खोटेपणाचा रागही आला आणि लोभही वाटला.

जेवायला कढी, भजी आणि कालच्या पोळ्याच्या पुरणपोळ्या होत्या. प्रभाकरराव पोटभर जेवले, ओसरीवर सतरंजी टाकून आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. बाहेर गल्ली जागी झाली होती. दारोदार पळसाच्या फांद्या खोचल्या होत्या, आणि पोरंटोरं आपापले लाकडी बैल ओढत बोजारा म्हणून पैसे-खाऊ मागत फिरत होती. तीन वाजता मोठे नंदी निघणार होते. अख्खं सिंदी रस्त्यावर येणार, आजूबाजूच्या गावांची माणसं येणार, आणि त्या सगळ्यांसमोर हे बटाट्याचे डोळे जाणार. शोभाबाईंनी पिशवीतून रुमाल काढला, पदराखाली धरला आणि पाय न वाजवता अंगणात गेल्या.

नंदीपुढे स्टुलावर वर्षाली उभी होती. एका हातात टर्पेंटाइनचा बोळा, दुसऱ्या हातात ब्रश. उजवा डोळा पुसून नवा काढूनही झाला होता.

चाहूल लागताच ती इतकी दचकली की स्टूल डगमगलं. शोभाबाईंनी धावत जाऊन ते धरलं.

"काकू, मी... थे जरासं इकडं रंग फुटला होता म्हून..."

"फुटला नाई. फसला होता," शोभाबाई म्हणाल्या. "किती वर्षं झाले?"

वर्षालीने बोळा हातात चुरगाळला आणि आत सासऱ्यांच्या खोलीकडे पाहिलं. "तीन. पयल्या साली मामाजीच म्हणाले, पोरी, तुले चित्रकला येते तं पाह्य काही होते काय. पण पेंटरले कळू देऊ नोको. काकू, राग नोका मानू जी. काकाजीले वाईट वाटू नाई, एवढंच आमचं."

शोभाबाईंनी पदराखालचा रुमाल सोडला आणि आतला ब्रश तिच्यापुढे धरला. वर्षालीने ब्रशकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आधी काहीच उमटलं नाही, आणि मग एकदम सगळं उमटलं.

"तुमीबी?"

"मीबी. जामले रोज दुपारी."

दोघी तोंडावर पदर आणि ओढणी दाबून हसल्या. हसता हसता शोभाबाईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्या हे ओझं एकट्याच वाहत होत्या, आणि लांब इथं सिंदीत एक परकी पोर तेच ओझं वर्षातून एकदा उचलत होती. त्यांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तिचे हात रंगाचे होते.

"डावा मी करू?" त्यांनी विचारलं.

"करा नं. मले डावा जमतबी नाई नीट." वर्षाली स्टुलावरून उतरली. "आता तं आमीबी नाई राहत इथं. आमच्या ह्यायची बदली पुण्याले झाली. दिवाळी झाली का चाललो आमी."

शोभाबाईंनी नंदीचा डावा डोळा बोळ्याने पुसला आणि एका दमात बुबुळाची कड फिरवली. ओसरीवरचं घोरणं अखंड चालू होतं.

तीन वाजता नंदी निघाले. घराघरांतून दोर ओढत ढोलताशांच्या गजरात एकेक नंदी चौकात येऊ लागला. कुणाच्या शिंगांना आरसे, कुणाच्या पाठीवर जरीची झूल. भैयाजींचा नंदी वळणावर आला तशी गर्दीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "डोळे पाह्य माय त्याचे! पाहूनच राह्यला आपल्याकडे."

प्रभाकरराव किराणा दुकानाच्या पायरीवर उभे होते, थरथरता हात डाव्या हाताने धरून. शोभाबाईंनी तिरक्या नजरेने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा प्रसन्न होता. त्यांच्या जिवात जीव आला. निभावलं याही वर्षी.

"उजवा वर्षालीचा," प्रभाकरराव नंदीवरची नजर न काढता म्हणाले. "दरसाल कड जरा जाड होते तिची. डावा तुहा."

ढोल वाजत होते, तरी शोभाबाईंना प्रत्येक शब्द ऐकू आला.

"तुमाले मालूम होतं?"

"पेंटर आहो नं मी. हात गेला माहा, डोळे कुठं गेले?"

"मंग बोलले काऊन नाई?"

"एवढ्या निगुतीनं लपवून राह्यले तुमी सारे. थो भैया तर चहाच्या नावानं पळून जाते." ते हसले. मग हसू ओसरलं. "वर्षाली चालली पुण्याले. मले फोनवर भैयानं सांगितलं, तवा लय विचार केला. पुढच्या सालचं काय? म्हून तुले आणलं. सरळ म्हणावं, तं माहं तोंडच उघडे नाई. म्हटलं, तिथं गेली का दिसन तुले."

नंदी त्यांच्यासमोरून गेला. चाकं करकरली, पोरांनी ओरडा केला. शोभाबाईंना रडूही येत होतं आणि या माणसाला चांगलं खडसवावंसंही वाटत होतं. तीन वर्षं जीव मुठीत धरून आपण पाय न वाजवता फिरलो, आणि हा सगळं जाणून होता.

"म्हणजे जामले दुपारी तुमी झोपाचं सोंग करता? घोरताबी खोटंच?"

"पयले खोटं घोरतो," प्रभाकरराव म्हणाले. "मंग तू मोरीत ब्रश धुतला का आवाज येते मले. त्याच्यानंतर खरी झोप लागते."