पाच माणसांचं माप

एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. तीनशे रुग्णांचा स्वयंपाक मी डोळे मिटून करते. निवृत्त झाल्यावर एकटीपुरतं रांधायलाही शिकले. पण या दोन आकड्यांच्या मधलं मला काहीच येत नाही, हे पोरं घरी येईपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

पोरं म्हणजे माझा मुलगा आणि त्याचे तीन सोबती. दीड वर्षापूर्वी त्याने कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि अग्निशमन दलातच जाणार म्हणून हटून बसला. मी भाजलेल्यांच्या वॉर्डाला रोज पेज गाळून पाठवलेली बाई. कोणाला नळीतून, कोणाला चमच्याने, हे कागदावर लिहून यायचं, आणि त्या कागदांत अधूनमधून दलाच्या माणसांचीही नावं असायची. मी त्याला म्हटलं, "त्या नोकरीला गेलास तर या घराचा उंबरा चढू नकोस." माझा राग नाकावर असतो, तासाभरात उतरतो. पण हा पोरगा माझ्याच वळणावर गेलेला. तासाभराच्या आत तो बॅग भरून निघून गेला.

आणि आता फोन आला. "आई, निवड चाचणी तुझ्याकडेच आहे, घरापासून जवळच्या मैदानावर. नऊ दिवस. आम्ही चौघं आहोत. राहायचं काही..."

"या," मी म्हटलं. पुढचं वाक्य त्याला बोलूच दिलं नाही, न जाणो त्याने विचार बदलला तर.

फोन ठेवल्यावर डबे उघडून पाहिले. पेन्शनीतला निम्मा भाग गळक्या छताच्या दुरुस्तीत जात होता. त्यात चार तरणी पोरं नऊ दिवस म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण मी कंबर कसली. पोरगा दीड वर्षाने घरी येत होता, आणि तो नऊच्या नऊ दिवस घरात राहायला हवा होता. मला दुसरं काही नको होतं.

चौघं आली. एक उंचच उंच मुलगी, तिला सगळे शिडी म्हणत. एक बुटका, गोल, तो पिंप. तिसऱ्याच्या तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता, त्याला मी मनातल्या मनात मौनी म्हणायला लागले. दिवसभर मैदानात धावून, दोर चढून, पाण्याने भरलेले पाइप ओढून आली होती. पहिल्या रात्री मी मन लावून जेवण केलं. प्रत्येकाला एक डाव भात, एक डाव भाजीचं सूप, पावाच्या दोन चकत्या, मीठ बेताचं. चार मिनिटांत ताटल्या लख्ख. "पोट भरलं का रे?" विचारलं तर पिंप म्हणाला, "भरलं काकू, अगदी गळ्यापर्यंत." मला इतकं बरं वाटलं. वॉर्डातून निम्म्या ताटल्या तशाच परत यायच्या.

दुसऱ्या दिवशीही तेच माप. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यापाशी तांदूळ धूत होते आणि चौघं गॅलरीत ओले कपडे वाळत घालत होती. खिडकी उघडी होती.

"उद्या आपण मैदानाजवळच्या वसतिगृहात जाऊ," माझा मुलगा म्हणत होता. "तिला मी नापास व्हायला हवंय. उपाशी पोटी कोण दोर चढणार? म्हणून हात आखडता घेतेय."

"असं बोलू नकोस रे," शिडी म्हणाली. "काकूंना परवडत नसेल. मी उद्यापासून सांगते, मला रात्री भूकच लागत नाही म्हणून."

पोराच्या बोलण्याने तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिडीच्या बोलण्याने ती आग विझली आणि लाज तेवढी उरली. तशीच ओल्या हातांनी, डाव घेऊन गॅलरीत गेले.

"हा बघ," मी मुलाला म्हटलं. "हा एक डाव म्हणजे एक रुग्ण. एकतीस वर्षं हाच हिशेब. खाटेवर पडलेल्या माणसाला एवढंच जातं, तेही नर्स मागे लागली तर. मला दुसरं माप येत नाही. पोटं भरली नव्हती तर कोणी बोललं का नाही? ताकाला जाऊन भांडं लपवता?"

पिंपाच्या हातातल्या मोज्यातून पाणी ठिबकत होतं. मग तोच हळूच म्हणाला, "म्हणजे काकू, आम्ही तीन दिवस पेशंट होतो?"

शिडीला हसू आवरेना. माझा मुलगा मात्र माझ्याकडेच बघत होता.

"आणि मी नापास व्हावं असं तुला वाटत नाही?" त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "वाटतं," मी म्हटलं. "रोज वाटतं. पण ते माझ्या मनात आहे, हातात नाही. एवढ्या वर्षांत नावडत्या माणसाच्या ताटलीतसुद्धा मी कमी वाढलेलं नाही. तुझ्या ताटलीत कमी वाढेन होय?"

आत जाऊन तांदळाचं भांडं त्याने हातात घेतलं आणि आणखी चार मुठी तांदूळ टाकले. वसतिगृहाचा विषय परत निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. मंडई उठायच्या वेळी जायचं, तेव्हा वाकडी गाजरं आणि कोबीचे फाटके गड्डे भाजीवाले टोपलीसकट पडत्या भावात देतात. अंडीवाल्याकडे तडकलेली अंडी वेगळी ठेवलेली असतात, निम्म्या पैशांत. बेकरीत आदल्या दिवसाचा पाव. वाल भिजवले, ढीगभर बटाटे उकडले, आणि माझ्या जागी आलेल्या बाईकडून इस्पितळाचं जुनं पातेलं मागून आणलं. ते एका शेगडीवर मावेना, म्हणून दोन शेगड्या जोडून त्यांवर ठेवलं. वाल, कोबी, बटाटा, वरून फोडलेली अंडी. पाव तव्यावर खरपूस.

पोरं जेवायला बसली आणि मी दाराशी उभी राहिले. खाणं काय असतं ते त्या दिवशी मी बघितलं. बोलणं नाही, मान वर करणं नाही, नुसते चमचे. पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा मौनीने ताटली पुढे केली आणि चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अजून आहे?"

मी आत ओट्यापाशी गेले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. रुग्ण खात नाहीत तो आजाराचा दोष, हे मला डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं, आणि तरी मनात कुठेतरी वाटायचं की आपल्याच हाताला चव नाही. वाटत होतं की बाहेर जाऊन त्या पोराच्या पाया पडावं. त्याऐवजी मी उरलेले बटाटे परतून आणले.

मग घरात गोंधळ सुरू झाला, मला हवाहवासा. संध्याकाळी सगळी जमिनीवर बसून सोलायला लागायची. पिंप बटाट्याची साल इतकी जाड काढायचा की मी म्हणायचे, "अरे, आतला बटाटा फेकतोस आणि साल ठेवतोस का?" शिडी माळ्यावरचे डबे स्टुलाशिवाय काढायची. माझा मुलगा कांदा चिरायचा आणि डोळ्यांतल्या पाण्याचं खापर कांद्यावर फोडायचा. पैसे ओढूनताणून पुरत होते. मी माझा चष्मा बदलायचा बेत पुढे ढकलला आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

नववा दिवस शेवटच्या चाचणीचा. माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन सहा मजल्यांचा मनोरा चढायचा, ठरलेल्या वेळात. माझा मुलगा दोनदा सरावात मागे पडला होता. त्या सकाळी मी लवकर उठले. घरात निजानीज होती. एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. आज याला थोडं जडच खायला घातलं, तेलकट काही, तर हा चौथ्या मजल्यावर बसेल, आणि आयुष्यभर जिता राहील. कोणाला कळणारही नाही.

मग मी अंडी उकडली. बटाटे, पाव, केळी. त्याच्या ताटलीत दोन अंडी जास्त ठेवली आणि निघायला दोन तास असतानाच त्याला उठवलं, म्हणजे पचेल. तो खात होता आणि मी बघत होते. मी माझ्या हाताने त्याला त्या मनोऱ्यावर चढवत होते.

दिवसभर मी घर धुतलं. धुतलेलं पुन्हा धुतलं. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली, एकाचीच, धावत येणारी. माझा मुलगा दारात उभा राहिला, खांद्यावर पुतळ्याच्या पट्ट्याचे लाल वळ उठलेले.

"झालं?" मी विचारलं.

"चौघांचंही झालं. ती येताहेत मागून. तुला आधी सांगायचं म्हणून मी पळत आलो."

मी खाली बसले. तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"तू घाबरली आहेस."

"हो," मी म्हटलं. "रोज घाबरणार आहे. त्याला तुझा इलाज नाही आणि माझाही नाही."

त्याने खांद्यावरचे वळ चोळले. मग म्हणाला, "आई, नेमणूक इथल्याच केंद्रावर मिळतेय. त्यांनी पत्ता विचारला, राहणार कुठे म्हणून. मी या घराचा लिहिला. तुला न विचारता. चालेल ना?"

दीड वर्षापूर्वी मी जे बोलले होते ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. मी होकाराची मान हलवली, दोनदा, तीनदा, त्याला नीट दिसावी म्हणून.

खाली जिन्यात बाकीच्या तिघांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला. तो उठला, हात धुतले आणि पाच ताटल्या मांडायला घेतल्या.