दानम्माच्या मिश्रीची डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे. दानम्मा गेल्याचा फोन लातूरच्या दवाखान्यातून आला, तेव्हा तिचा नवरा मलप्पा तिच्यासाठी जेवणाचा डबा न्यायला चाकूरच्या घरी आला होता. फोन ठेवून तो भिंतीला टेकला. मी न्हाणीच्या कोनाड्यात होते.

मित्रांनो, उदगीरच्या तांबटाने मला घडवलं आणि लग्नात दानम्माला तिच्या आईने मला दिलं. माझ्यात मिश्री असे, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. दानम्मा ती दातांना लावी. आलेल्या बायकाही मला मागून घेत. "दानम्मा, तुझी मिश्री लई बारीक," म्हणत. मला बरं वाटायचं.

मुलगी मंजुश्री सातवीत असताना तिची दाढ ठणकू लागली. दानम्माने चिमूटभर मिश्री तिच्या दाढेला लावली. ठणका थांबला. घरात सगळ्यांना ते औषधच वाटलं. पुढे दानम्माच्याच गालात कॅन्सरची गाठ झाली.

ती गेल्यावर मलप्पाने मला तिच्या फोटोखाली ठेवलं. उदबत्ती लावताना तो मला पुसायचा, झाकण मात्र उघडत नसे. तो त्याच्या दुकानावर गेला की मंजुश्री मला उघडून मिश्री लावायची. संपली की स्वतः भाजून भरायची.

एक दिवस शेजारच्या उज्वलाबाई म्हणाल्या, "मलप्पाभाऊ, पोरगी हसताना तोंडावर हात धरायली. दात बघितलेत का तिचे?"

मलप्पाने मंजुश्रीचे काळे दात बघून तिला विचारलं, "कवापासून हाय हे?"

"दाढ दुखली तवापासून. अव्वानंच लावली होती ना."

"अव्वा कशानं गेली, ठाव न्हाई का?"

"ठाव हाय, अप्पा. पण न लावता पुस्तक घिऊन बसवत न्हाई. डोकं फिरतंय."

"फेकूनच देतो आता."

"फेका की! फोटोखाली तुम्हीच ठिवली. म्या न्हाई."

मलप्पा मला घेऊन नालीपर्यंत गेला. झाकण उघडलं. वास दानम्माच्या तोंडाचा होता. त्याने झाकण परत लावलं.

मित्रांनो, घरातलं मोठं माणूस लावतं म्हणून तंबाखू औषध होत नाही. दाढ दुखली तर दवाखान्यात जा. सवय लागली असेल तर घरी सांगा, त्यात लाज नाही. आणि मोठ्यांनो, आठवण म्हणून मला ठेवायचंच असेल, तर आधी रिकामं करून धुवा.

मंजुश्री सोडायला तयार आहे. "एकटीनं होत न्हाई अप्पा, संगं चला," असं तिने सांगितलं आहे. उज्वलाबाईंनी सवय सोडवणाऱ्या डॉक्टरांचं नावही दिलं आहे. मी फोटोखाली आहे, भरलेली. मलप्पा तिला घेऊन अजून गेलेला नाही.